मका डोक्याएवढा होतो, पण कणीस भरायच्या आत फ्रॉस्ट येतो: कॅनडातल्या कॅलगरीच्या परसातलं दरवर्षीचं दुखणं

तक्रार दरवर्षी तीच असते. जूनमध्ये मका रडतखडत उगवतो, जुलैत जोर धरतो, ऑगस्टमध्ये कुंपणाच्या वर डोकावतो. सप्टेंबर लागतो तेव्हा कणीस चाचपून पाहावं, तर आत दाणे म्हणजे नुसते पाण्याचे थेंब. अजून दोन आठवडे मिळाले तर भरतील, असं म्हणत आपण थांबतो. मग एका रात्री फ्रॉस्ट येतो, म्हणजे पारा शून्याखाली जातो, आणि सकाळी पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबताना दिसतात. पुढच्या वर्षी आपण आठ दिवस आधी बी टोकतो. ते थंड मातीत सडतं, दुबार टोकण करावी लागते आणि मका आणखी उशिरावर जातो.

माझ्याकडे हे 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षं झालं. मी मूळचा निफाडकडचा. मका आमच्याकडे पावसाच्या जिवावर येतो, त्याच्यासाठी कोणी वही घेऊन बसत नाही. त्यामुळे इथे तो का येत नाही, हे कळायला मला वेळ लागला. 2020 पासून मात्र दरवर्षी कणसं मिळताहेत; काही वर्षी भरपूर, काही वर्षी घरापुरती. कॅलगरीतच नव्हे, जिथे उन्हाळा तोकडा आणि रात्री गार, तिथल्या कुणाचंही दुखणं साधारण हेच असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दिवस पुरतात, ऊब पुरत नाही

कॅलगरीत शेवटचा फ्रॉस्ट सरासरीने मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडतो आणि पहिला सप्टेंबरच्या मध्याला. म्हणजे मधले 110-115 दिवस मोकळे. बियाण्याच्या पाकिटावर तर ‘65 दिवस’ लिहिलेलं असतं. मग अडतं कुठे?

मका दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. हिशेब सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, बेरीज करून निम्मी करायची आणि त्यातून 10 वजा करायचे, कारण 10 अंशांच्या खाली मका जवळजवळ वाढतच नाही. किमान 10 च्या खाली गेलं तर 10 धरायचं, कमाल 30 च्या वर गेलं तर 30. जे उरेल ती त्या दिवसाची कमाई.

आमच्या निफाडला जुलैत कमाल 28, किमान 22 धरा. सरासरी 25, वजा 10, कमाई 15. कॅलगरीत त्याच जुलैत कमाल 23, किमान 10. सरासरी साडेसोळा, कमाई साडेसहा. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवरचं हे गाव; दिवसा ऊन कितीही लखलखीत असलं तरी सूर्य कलला की अंगात स्वेटर लागतो. महिन्यांच्या सरासरीवरून मी 1 जून ते 10 सप्टेंबर अशी बेरीज केली, तर सगळी मिळून जेमतेम 600 भरते. निफाडला एवढी ऊब 40 दिवसांत मिळते. पाकिटावरचे 65 दिवस असेच उबदार मुलखातले असतात. इथे त्याचे 85 होतात, वर्ष वाईट असेल तर 95.

ऑगस्टमध्ये कॅलगरीच्या पार्किंग लॉटमध्ये टेबरच्या मक्याचे ट्रक उभे राहतात, ती गोड कणसं खाल्ली की आपल्यालाही जमेल असं वाटतं. पण टेबर इथून अडीचशेहून जास्त किलोमीटर आग्नेयेला आहे. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा तापतो आणि शेतं कालव्याच्या पाण्यावर आहेत. टेबरला जी जात सहज येते ती आपल्या परसात येईलच असं नाही.

2021 च्या जूनअखेर उष्णतेची मोठी लाट आली होती. कॅलगरीतही पारा 35 च्या वर गेला होता. माणसं हैराण झाली, पण त्या वर्षी माझ्याकडच्या त्याच जातीच्या, त्याच तारखेला लावलेल्या मक्याची कणसं नेहमीपेक्षा आठवडाभर आधी तयार झाली. ते पाहिल्यावर माझी खात्री पटली की खतं आणि औषधं बदलत बसण्यात अर्थ नव्हता. ऊब कुठून वाढवता येईल तेवढंच पाहायला हवं होतं.

उलटी मोजणी

2019 च्या उन्हाळ्यात आई आली होती. ऑगस्टच्या दहा तारखेला मी तिला मोठ्या हौसेने मका दाखवला. ती वाकून पानं बघत म्हणाली, “अरे, तुरा अजून पोटातच आहे की. तुमच्याकडे थंडी कधी पडते?”

“महिन्याभरात.”

“मग याचं कणीस तू खात नाहीस. तुरा कधी आला ते धरून मागं मोज, पेरणी कधी हवी होती ते कळेल.”

तिच्या म्हणण्याप्रमाणे मागे मोजत गेलो. कणसाला मिशा, म्हणजे ते रेशमी केस, फुटल्यापासून दाणा चिकात भरायला उबदार ठिकाणी तीन आठवडे पुरतात. इथे ऑगस्टच्या गार रात्रींत चार तरी लागतात. 5-10 सप्टेंबरला कणीस हातात हवं असेल तर मिशा 5 ऑगस्टच्या आत दिसल्या पाहिजेत. तुरा त्याच्या थोडा आधी, म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्यासाठी 1 जुलैला, कॅनडा डेच्या दिवशी, रोप गुडघ्याला लागलं पाहिजे. आणि 1 जूनला ते तीन पानांवर जमिनीत उभं असलं पाहिजे.

या चार तारखा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. यातली कोणती चुकली, यावरून दोष कुठे आहे ते कळतं. 1 जुलैला रोप वीतभरच असेल तर माती गार आहे. रोप गुडघ्याएवढं होऊनही तुरा नसेल तर जात चुकली. तुरा वेळेवर येऊनही कणीस विरळ असेल तर परागीभवनात घोळ आहे.

1 जूनला रोपच नाही: बी सडलं

इथल्या बहुतेकांचा मका मे महिन्यातच हातचा जातो.

गोड मक्याच्या बियांचे ढोबळ तीन प्रकार असतात. पहिला जुना, साधा गोड मका. त्याचं बी भरलेलं असतं आणि माती 10 अंशांवर गेली की तो कसाबसा उगवतो, 13-14 ला नीट उगवतो. दुसरा त्याहून गोड आणि मऊ दाण्याचा, तो थोडी जास्त ऊब मागतो. तिसरा अतिगोड, सुपरस्वीट. त्याचं बी हातात घेतलं तर सुरकुतलेलं, पोकळ, वजनाला हलकं लागतं. गोडवा वाढवताना त्यातला पिष्टाचा साठा कमी झालेला असतो आणि कोंबाची शिदोरीच तोकडी पडते. हे बी 16-18 अंशांच्या खालच्या मातीत पडून राहतं, फुगतं आणि कुजतं. पाकिटावरचं पिवळंधमक चित्र पाहून आपण नेमकं हेच उचलतो.

म्हणून छोट्या उन्हाळ्यात साधा गोड मका घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्लीव्ही, अर्ली सनग्लो या जाती 60-65 दिवसांच्या म्हणून विकल्या जातात आणि मला त्यांनी साथ दिली. अलास्कात तयार झालेली युकॉन चीफ ही तर त्याहून लवकर येणारी जात आहे, झाड बुटकं आणि कणीस छोटं. पीचेस अँड क्रीम चवीला सुंदर, पण 75-80 दिवसांची. परसात दक्षिणेकडची तापणारी भिंत असेल तरच तिच्या नादी लागावं. साध्या गोड मक्याची साखर तोडल्यावर भराभर पिष्टात बदलते, हा त्याचा दोष खरा. पण परसातलं कणीस आपण तोडून पंधरा मिनिटांत उकळत्या पाण्यात टाकतो, त्यामुळे तो दोष आपल्याला बाधत नाही. आणखी एक: सुपरस्वीटशेजारी दुसऱ्या प्रकारचा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला, तर परागांची सरमिसळ होऊन दाणे निबर आणि पिठूळ होतात. छोट्या परसात एकच प्रकार लावावा.

मातीचा थर्मामीटर घ्या. 5 सेंटीमीटर खोल खोचून सकाळी आठ-नऊच्या सुमारास वाचायचं. दुपारचं माप फसवतं. तीन सकाळी सलग 13 च्या वर आलं तरच बी टोकायचं, आणि तेही अडीच सेंटीमीटरच्या खाली नाही.

जूनमधला मका हवा ओळखत नाही, माती ओळखतो

मला ही एक गोष्ट उशिरा कळली आणि बाकी सगळं तिच्यामुळे उलगडलं. मक्याची पानं वर दिसत असली तरी वाढीचा कोंब, ज्यातून पुढची सगळी पानं आणि तुरा निघतो, तो पाच-सहा पानं होईपर्यंत जमिनीच्या खालीच असतो. म्हणजे जूनचे पहिले तीन आठवडे त्या कोंबाला उन्हाचा उपयोग नाही. त्याच्याभोवतीची माती 11 अंशांवर असेल तर वर कितीही ऊन पडो, तो झोपलेला राहतो.

उपाय आपल्या द्राक्ष-टोमॅटोवाल्यांच्या ओळखीचा आहे: मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद. मेच्या पहिल्या आठवड्यात वाफा तयार करून, भिजवून, त्यावर काळा पेपर ताणून बसवायचा. ताणून हे महत्त्वाचं. पेपर मातीला चिकटला तरच त्याची ऊब खाली उतरते. मध्ये हवा राहिली तर पेपर तापतो आणि माती गारच राहते. कडा मातीत वीतभर गाडायच्या, नाहीतर इथला वारा तो शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो. माझ्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी उघड्या मातीत 9-10 अंश आणि पेपरखाली 12-13 असा फरक पडतो. पारदर्शक पेपरने माती आणखी तापते, पण त्याखाली तण माजतं आणि ते काढता येत नाही.

पेपर मी सबंध हंगाम तसाच ठेवतो. बी किंवा रोपासाठी फुलीसारखी चीर द्यायची आणि चारही कोपरे आत मुडपायचे.

त्यावर सुरुवातीला पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं हलकं कापड. तारेच्या कमानी करून त्यावर टाकायचं, दिवसाची ऊब थोडी अडते, रात्रीचा कडाका कमी होतो आणि मॅगपाय पक्षी कोंब उपटत नाहीत. रोपं कव्हरला टेकू लागली की काढून टाका. तुऱ्याच्या वेळी तर ते नकोच.

वाफ्याची जागाही मोजूनमापून निवडा. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत किंवा पश्चिमेचा वारा अडवणारं लाकडी कुंपण सापडलं तर टोमॅटोला दुसरीकडे हलवा आणि ती जागा मक्याला द्या. जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफा लवकर तापतो. नव्या वसाहतींमधल्या चिकणमातीत तर तो करायलाच हवा.

पाण्याबद्दलही बोलायला हवं. इथल्या नळाला येणारं पाणी बो आणि एल्बो नद्यांचं, रॉकी पर्वताच्या बर्फाचं. जूनमध्ये पाइप थेट वाफ्यात सोडला तर महिनाभर खपून तापवलेली माती पाच मिनिटांत गार होते. मी दोन काळे ड्रम उन्हात भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातलं पाणी झारीने देतो.

घरात रोपं करावीत का?

करावीत, पण वेळ पाळून. मक्याच्या मुळांना हलवणं सोसत नाही. 10-12 मेच्या सुमारास खोल कप्प्यांच्या ट्रेमध्ये किंवा टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत एकेक बी टोकायचं. उबदार जागी चार-पाच दिवसांत उगवतं. दोन-तीन पानांवर, म्हणजे मेच्या अखेरीला, नळीसकट लावून टाकायचं. आधी चार-पाच दिवस रोपं बाहेर ठेवून वाऱ्या-उन्हाची सवय लावा.

एप्रिलमध्ये रोपं करण्याचा मोह होतो, तो टाळा. मीही एकदा केलं. लावताना रोपं वीतभर उंच आणि सहा पानांची होती, मुळं नळीच्या बुडाशी गोल फिरलेली. जूनअखेर गुडघ्याएवढ्या झाडांना तुरे आले आणि अंगठ्याएवढी कणसं लागली. ताण बसलेला मका मोठा होण्याच्या भानगडीत न पडता घाईघाईने वंश चालवायला बघतो. असा तुरा दिसला तर त्या झाडाला खत घालून उपयोग नाही.

रोप जांभळं पडलंय

गार मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही, म्हणून पानांच्या कडा आणि खोड जांभळट होतात. माती तापली की रंग आपोआप जातो. घाबरून खत ओतू नका.

गुडघ्याच्या वर गेला, पण तुरा नाही

दोन कारणं. एक, जात लांब मुदतीची. दुसरं कारण आपल्या लोकांच्या बाबतीत नेहमी येतं: “गावाकडचं बी आणून लावू का?” त्याच्या चवीची ओढ मला समजते, मलाही ती आहे. पण मका मुळात छोट्या दिवसाचा. उष्ण कटिबंधातल्या जाती दिवस लहान झाल्यावर तुरा काढतात. कॅलगरी 51 अक्षांशांवर आहे. 21 जूनला इथे साडेसोळा तास उजेड असतो. एवढ्या लांब दिवसांत तो मका पानामागून पान काढत बसतो, सात-आठ फूट उंच होतो आणि तुरा काढण्याआधी फ्रॉस्ट त्याला गाठतो. शिवाय बाहेरून बी आणायला कॅनडात वनस्पती-आरोग्याचे नियम आहेत. बी इथलंच घ्या.

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात, मिसुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात मँडन आणि हिदात्सा लोक पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवत आले. त्यांच्या जाती बुटक्या, लवकर येणाऱ्या, कणीस अगदी जमिनीलगत धरणाऱ्या. थंड मुलखातला मका असाच दिसतो. तुमचा अर्लीव्ही चार-पाच फुटांवर थांबला तर हळहळू नका.

कणीस आहे, पण दाणे विरळ

मक्याचा तुरा नर, कणीस मादी. कणसातल्या प्रत्येक दाण्यामागे एक केस असतो आणि त्या एका केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. चारशे दाणे हवेत तर चारशे केसांवर पराग पडायला हवा. हे काम वारा करतो. म्हणून कुंपणालगत एका ओळीत लावलेला मका बोडका राहतो. पराग उडून रस्त्यावर जातो. चौकोनात लावा. कमीत कमी चार ओळी, प्रत्येकीत चार झाडं. तीस झाडं असतील तर उत्तम. दोन झाडांत 20-25 सेंटीमीटर आणि ओळींत 60 पुरतात.

वाऱ्यावर भरवसा ठेवू नका, हाताने मदत करा. तुरा साधारण आठवडाभर पराग देतो. सकाळी दव सुकल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, कोरड्या वाडग्यावर तुरा हळूच झटका. पिवळी धूळ पडते. ती मऊ ब्रशने ताज्या मिशांवर लावा. तीन-चार सकाळी हे करा. पावसाळी गारठा असेल त्या आठवड्यात तर चुकवू नका.

काम झालं की नाही हे पाहण्याची एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. मिशा फुटून आठवडा झाला की एक कणीस बळी द्यायचं. ते तोडून बुडाकडून शेंड्यापर्यंत सालींवर पातळ सुरीने उभी चीर द्यायची, आतल्या केसांना धक्का न लावता साली उलगडायच्या. आत बोटभर पांढरं कणीस, त्यावर मोत्याएवढे कच्चे दाणे, आणि सगळ्या दाण्यांतून निघालेले ओले, चमकदार केस बुडापासून शेंड्याकडे विंचरल्यासारखे पडलेले. आता कणीस बुडाशी धरून उलटं करायचं आणि हलकेच झटकायचं. ज्या दाण्याला पराग मिळाला त्याचा केस सुटून खाली पडतो. ज्याला मिळाला नाही त्याचा चिकटून राहतो. निम्म्याहून जास्त केस हातात लोंबत राहिले तर त्याच सकाळी बाहेर जाऊन तुरे झटकायला लागा, अजून वेळ गेलेली नसते. शेंड्याकडचे थोडे राहिले तर काळजी नको, ते केस सगळ्यांत शेवटी बाहेर येतात.

मिशांच्या दिवसांत पाण्याचा ताण अजिबात पडू देऊ नका. एरवी आठवड्याला अडीच सेंटीमीटर पाऊस पडल्याइतकं पाणी पुरतं, तेव्हा थोडं जास्त द्या. नत्र दोनदा: रोप गुडघ्याएवढं असताना आणि तुरा पोटात दिसू लागल्यावर. खालच्या पानांना टोकाकडून मधल्या शिरेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळेपणा आला, तर नत्र कमी पडतंय. बुडाशी येणारे फुटवे काढत बसू नका, ते काढून कणीस मोठं होत नाही.

लष्करी अळीची भीती इथे मला अजून वाटलेली नाही. महाराष्ट्रातल्या मकावाल्यांना तिने किती छळलंय ते घरच्या फोनवर ऐकतो. इथे त्रास खारींचा. कणीस भरत आलं की त्यांना आपल्याआधी कळतं. त्या दिवसांत मी बारीक तारेची जाळी वाफ्याभोवती आणि वरूनही बांधतो.

गारा पडल्या

13 जून 2020 च्या संध्याकाळी कॅलगरीच्या ईशान्य भागात जी गारपीट झाली ती इथे राहणारं कोणी विसरलेलं नाही. घरांच्या भिंतींचं प्लास्टिक फाटलं, गाड्यांच्या काचा गेल्या. दुसऱ्या दिवशी वाफ्यात चार-चार पानांच्या रोपांच्या जागी हिरव्या चिंध्या पडल्या होत्या. सगळं उपटून बीन्स लावावेत असं ठरवून मी पहिलं रोप उपटलं आणि काय वाटलं कोण जाणे, स्वयंपाकघरातल्या सुरीने ते उभं चिरलं. मुळांच्या जरा वर, मातीखाली होता तो भाग, तिथे सुईच्या टोकाएवढा पांढराशुभ्र, टणटणीत कोंब होता. ओरखडासुद्धा नाही. बाकीची रोपं तशीच ठेवली. आठ-दहा दिवसांत चिंध्यांतून नवी सरळ पानं वर आली आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही पहिल्यांदा घरची कणसं खाल्ली.

म्हणून जूनच्या मध्यापर्यंत गारा पडोत की उशिराचा हलका फ्रॉस्ट, एक रोप चिरून पाहिल्याशिवाय वाफा मोडू नका. कोंब पांढरा आणि घट्ट असेल तर थांबा. तपकिरी, पाणीदार झाला असेल तर ते रोप गेलं.

ऑगस्टची गोष्ट वेगळी. 5 ऑगस्ट 2024 ला पुन्हा ईशान्येलाच गारांनी झोडपलं तेव्हा मका तुऱ्यावर होता. पानं फाटली, बरेच तुरे मोडले. पण मिशा 28 जुलैला फुटल्या होत्या आणि निम्म्याहून जास्त काम आधीच झालं होतं. वाचलेल्या तुऱ्यांचा पराग हाताने लावला. कणसं छोटी राहिली, पण भरली. तुरा जुलैत आला नसता तर त्या वर्षी एकही दाणा दिसला नसता. हवामान खातं गारांचा इशारा देतं, तेव्हा कमानींवर टाकायला नायलॉनची जाळी हाताशी ठेवा.

फ्रॉस्टची रात्र

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी अंदाज बघायचा. सरासरी तारीख ही सरासरीच असते; 2014 मध्ये 8 ते 10 सप्टेंबरला कॅलगरीत झाडं मोडून पडतील इतका बर्फ पडला होता.

आधी कणीस तयार आहे का ते बघा. मिशा तपकिरी आणि कोरड्या, कणीस मुठीत धरलं तर शेंड्यापर्यंत भरीव लागतं. शेंड्याकडची साल थोडी सोलून दाण्यात नख रुतवा. पाणी उडालं तर अजून कच्चं. दुधासारखा चिक उडाला तर आत्ता तोडा. चिकाचं पीठ झालं असेल तर उशीर झाला.

चिक येत असेल तर एक रात्रही थांबू नका, तोडा. अजून पाणीच असेल आणि पारा उणे 1 च्या आसपास जाणार असेल, तर झाकण्यात अर्थ आहे. दुपारी वाफ्याला पाणी द्या, ओली माती रात्री जास्त ऊब सोडते. ऊन उतरायच्या आधी चार कोपऱ्यांच्या काठ्यांवर जुन्या चादरी जमिनीपर्यंत टाका, म्हणजे मातीची ऊब आत अडते. प्लास्टिक पानांना टेकलं तर टेकलेल्या जागी पान जळतं, म्हणून चादरच बरी. सकाळी ऊन आलं की काढा. एक-दोन रात्री अशा निभावल्या तर इथे बहुधा पुढे आठ-दहा चांगले दिवस मिळतात. उणे 3-4 चा अंदाज असेल तर मात्र चादरींचा उपयोग होत नाही.

पानं जळाली तरी सालींच्या आतलं कणीस लगेच खराब होत नाही. पण पान मेलं की दाणा पुढे भरत नाही, त्यामुळे झाडावर ठेवून काही मिळणार नाही. दोन-तीन दिवसांत सगळी कणसं काढा. अर्धवट भरलेल्या कणसांचा मक्याचा कीस उत्तम होतो, उलट निबर कणसापेक्षा चांगला. कणीस जाड किसणीवर किसा. तुपात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, हिंग घालून त्यावर कीस परता, कच्चा वास गेला की पाऊण वाटी दूध, मीठ, चिमूटभर साखर घालून झाकण ठेवा. दूध आटून कीस मोकळा झाला की वरून लिंबू आणि कोथिंबीर. आठ-दहा कणसांत चार जणांचं होतं.